कीर्तिमंदिराच्या पायरीवर

मागील अंकातील अनुस्वारांच्या चर्चेवर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांना सवडीने उत्तरे देईनच. काही पत्रांतील अनुस्वारांविषयीही लिहावे लागेल. या वेळी मात्र वाचकांना जरा दूरच्या मुलुखात नेण्याचा विचार आहे. विषय खेळाचा आहे, आणि खेळही असा की जो आपल्या घरांतून क्वचितच कोणी खेळले असेल. ज्यांना खेळाचे वावडे आहे त्यांनी पान उलटण्यापूर्वी थोडा धीर धरावा, कारण प्रश्न खेळाचा कमी आणि न्यायाचा अधिक आहे.

माझा भाचा न्यूजर्सीला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता एके दिवशी तो म्हणाला, "मामा, तुम्हांला पुस्तकांची दुकाने आणि वाचनालये पुष्कळ दाखवली, आता एक देऊळ दाखवतो." आणि चार तास मोटार हाकून त्याने आम्हांला न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी नेले. ऑटसेगो सरोवराच्या दक्षिण टोकाशी हे गाव वसले आहे. सस्क्वेहॅना नदी तेथेच उगम पावते. गावाच्या मुख्य रस्त्यावर एक विटांची इमारत आहे आणि तिच्यातील एका दालनाच्या भिंतींवर ब्राँझच्या पाट्या लावलेल्या आहेत. प्रत्येक पाटीवर एक चेहरा आणि खाली चार ओळींत त्याचे कर्तृत्व. हेच अमेरिकेचे बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम'. आपण त्याला कीर्तिमंदिर म्हणू. पहिले पाच मानकरी १९३६ साली निवडले गेले, १२ जून १९३९ रोजी वास्तूचे उद्घाटन झाले, आणि आजवर साडेतीनशेच्या आसपास माणसे तेथे विराजमान झाली आहेत.

आता गंमत पाहा. हे देऊळ या गावी का, तर ॲब्नर डबलडे नावाच्या लष्करी गृहस्थाने १८३९ साली येथेच बेसबॉलचा शोध लावला असे एका आयोगाने ठरवले म्हणून. वस्तुतः त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता, आणि खेळ तर त्यापूर्वीपासूनच चालत आलेला होता. म्हणजे मंदिराचा पायाच स्थलपुराणाचा! आपल्याकडील प्रत्येक डोंगरावर पांडव येऊन गेलेले असतात, त्यातलाच हा प्रकार. पण पुराण खोटे निघाले म्हणून देऊळ कोणी पाडत नाही.

आमच्याबरोबर भाच्याचा तेरा वर्षांचा मुलगा होता. मराठी बेताचे, पण आकडे त्याला मुखोद्गत. आमच्या लहानपणी पाढे असत तसे. तो मला हाताला धरून एका पाटीपुढे घेऊन गेला. पाटी होती ज्यो टिंकर या शिकागोच्या खेळाडूची. "आजोबा, हे आहेत," तो म्हणाला, "पण यांच्या आधी शिकागोत यांच्याच जागी खेळणारे यांच्यापेक्षा चांगले होते, ते नाहीत." मी विचारले, कोण? तो म्हणाला, "बिल डाहलेन."

त्या दिवसापासून या डाहलेनने माझा पिच्छा पुरवला आहे.

विल्यम फ्रेडरिक डाहलेन याचा जन्म ५ जानेवारी १८७० रोजी नेलिस्टन या मोहॉक नदीकाठच्या खेड्यात झाला. कूपर्सटाउनच्या जिल्ह्याला लागूनच असलेला हा जिल्हा. देवळाच्या इतक्या जवळ जन्मलेला हा भक्त. १८९१ साली तो शिकागोच्या संघात आला आणि १९११ पर्यंत शिकागो, ब्रुकलिन, न्यूयॉर्क, बोस्टन आणि पुन्हा ब्रुकलिन अशा संघांतून एकंदर २१ हंगाम खेळला. त्यांतले शेवटचे दोन नावापुरतेच. त्याची जागा होती 'शॉर्टस्टॉप'.

ही जागा समजून घेतल्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ आहे. बेसबॉलचे मैदान म्हणजे एका कोनावर उभा केलेला चौकोन. चार कोनांवर चार बेस. फलंदाज चेंडू टोलवून एकेक बेस गाठत धावतो आणि पूर्ण फेरी करून घरी परतला की एक धाव. दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्ये जो क्षेत्ररक्षक उभा असतो तो शॉर्टस्टॉप. बहुतेक फलंदाज उजवे, त्यामुळे जमिनीलगतचे फटके याच्याच अंगावर सर्वाधिक येतात. तो चेंडू वाकून उचलायचा, आणि फलंदाज पोहोचण्याच्या आत मैदानाच्या पार पलीकडे पहिल्या बेसवर फेकायचा. एका सामन्यात असे पाच-सहा प्रसंग. त्यात तो यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. फलंदाज बाद होतो, खेळ पुढे चालू राहतो. चुकला तरच प्रेक्षक ओरडतात. घरातील कर्त्या बाईसारखी ही जागा आहे. स्वयंपाक वेळेवर झाला याची बातमी कधी होत नाही.

डाहलेन निवृत्त झाला तेव्हा या जागी सर्वाधिक सामने (२१३२), सर्वाधिक झेल-बाद (४८५०), सर्वाधिक साहाय्य (७५००) असे सारे उच्चांक त्याच्या नावावर होते. शॉर्टस्टॉपकडे आलेल्या एकूण संधींचा त्याचा १३३२५ हा आकडा तर शंभराहून अधिक वर्षांनंतरही कोणी ओलांडलेला नाही. बॅट हाती घेतल्यावर त्याने २४६१ हिट मिळवले आणि १५९० धावा पुऱ्या केल्या. १८९४ साली त्याने सलग ४२ सामन्यांत निदान एक तरी हिट मिळवला. त्रेचाळिसाव्या सामन्यात तो रिक्तहस्त परतला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फलंदाजांनी मात्र त्या दिवशी पाच-पाच हिट मारले होते. नियतीचा विनोद म्हणतात तो हाच. आणि दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्याने पुन्हा सलग २८ सामन्यांत हिट मिळवले, म्हणजे ७१ सामन्यांत ७० वेळा. त्याचा ४२ चा उच्चांक १८९७ मध्ये विली कीलरने मोडला, आणि १९४१ साली ज्यो डिमाजिओने ५६ वर नेऊन ठेवला. आजही डाहलेन त्या यादीत चौथा आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग अडले कोठे? अडले बरेच आहे, आणि विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की १८९४ हे साल फलंदाजांचे सुगीचे साल होते. १८९३ मध्ये गोलंदाजाचे म्हणजे 'पिचर'चे अंतर वाढवून ६० फूट ६ इंच करण्यात आले. पिचर अजून त्या अंतराला सरावले नव्हते, आणि ह्यू डफी नावाच्या खेळाडूची सरासरी त्या वर्षी .४४० पर्यंत गेली. तेव्हा ४२ सामन्यांच्या मालिकेवर थोडी सूट धरावी लागते. दुसरी गोष्ट, डाहलेनच्या नावावर चुकाही आहेत, आणि त्या हजाराहून अधिक आहेत. हा आकडा प्रथम ऐकला तेव्हा मी हबकलोच. पण त्या काळचे हातमोजे आजच्यासारखे सुपाएवढे नव्हते. हिवाळ्यात घालतो तसल्या मोज्यापेक्षा थोडे जाड, इतकेच. मैदानेही खडबडीत. आणि ज्याच्याकडे तेरा हजार चेंडू आले त्याच्या हातून हजार सुटले, तर बारा हजार सुटले नाहीत हेही मोजायला हवे. परीक्षेत चुकलेल्या उत्तरांवर लाल रेघ मारण्याची आम्हां मास्तरांची सवय. बरोबर उत्तरांवर आम्ही काही लिहीत नाही.

तिसरा आक्षेप स्वभावाचा. लोकांनी त्याला 'बॅड बिल' असे नाव पाडले होते. पंचांशी भांडणे आणि मैदानाबाहेर घालवले जाणे हे नित्याचे. घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता, आणि शर्यतीला वेळेवर पोहोचता यावे म्हणून तो मुद्दाम पंचांशी वाद उकरून काढी अशी कथा सांगतात. मी मुख्याध्यापक असल्याने शिस्तीच्या या अंगाकडे काणाडोळा करणे मला जड जाते. पण त्या दालनात फिरताना पाट्या वाचल्या, भाच्याने एकेकाची हकीकत सांगितली, आणि ध्यानात आले की ते काही संतमंडळ नव्हे. टाय कॉबचा संताप प्रसिद्ध आहे, आणि १९३६ साली २२६ पैकी २२२ मते मिळवून पहिल्या क्रमांकाने निवडला गेला तो हाच कॉब.

आणि १९०५ चे काय? त्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्स संघाने जगज्जेतेपदाची मालिका जिंकली. पाच सामने झाले आणि पाचही सामन्यांत हरणाऱ्या संघाला एकही धाव मिळाली नाही. क्रिस्टी मॅथ्यूसनने सहा दिवसांत तीन सामने असे जिंकून दिले. डाहलेनने काय केले? पंधरा वेळा फलंदाजी आणि हिट शून्य. आयुष्यातील सर्वांत मोठ्या मंचावर शून्य! लोकांच्या स्मरणात राहायचे असेल तर असे करू नये. पण प्रतिस्पर्ध्यांना चार सामन्यांत धाव मिळू न देणाऱ्या त्या पिचरांच्या पाठीशी शॉर्टस्टॉपच्या जागी कोण उभा होता, हे धावफलकावर ठळक अक्षरांत येत नाही. त्याआधीच्या वर्षी, १९०४ साली, सहकाऱ्यांच्या सर्वाधिक धावा पुऱ्या करवून देण्यात तो लीगमध्ये पहिला होता, ८० धावांनिशी. हे तर त्याच्या चाहत्यांनाही आठवून सांगावे लागते.

आता त्या टिंकरकडे येऊ. १९०२ पासून तो शिकागोचा शॉर्टस्टॉप. १९१० साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातील सदरलेखकाने टिंकर, एव्हर्स आणि चान्स या शिकागोच्या तिघांवर आठ ओळींची एक गमतीची कविता लिहिली. कविता घरोघर झाली. १९४६ साली तिघेही एकाच वेळी कीर्तिमंदिरात गेले. टिंकरचे हिट सतराशेच्या आत, सरासरी .२६२. खेळाडू चांगला, क्षेत्ररक्षणात निष्णात, याबद्दल वाद नाही. परंतु डाहलेनचे हिट त्याहून पावणेआठशेच्या आसपास अधिक असताना एक आत आणि एक बाहेर, याचे कारण शोधू गेल्यास ते मैदानावर सापडत नाही. ते त्या आठ ओळींत सापडते. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला याचा आनंद व्हावा की खेद, हे अजून ठरलेले नाही. शिवाजी महाराजांच्या पदरी कवी भूषण होता. बिचाऱ्या डाहलेनच्या पदरी कोणीच नव्हता.

आपल्या इंदूरचेच पाहा. होळकरांच्या संघाचा विषय निघाला की आमच्या पिढीतील मंडळी सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या फटक्यांत रंगून जातात. चंदू सरवटे यांचे नाव त्यानंतर, बहुधा कोणीतरी आठवण करून दिल्यावर येते. आणि तेही १९४६ साली ओव्हलवर सरेविरुद्ध शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीसाठी केलेल्या २४९ धावांपुरते. अकराव्या-दहाव्या क्रमांकाच्या त्या चमत्काराखाली त्यांची वर्षानुवर्षांची फिरकी आणि भरवशाची फलंदाजी झाकून गेली. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

डाहलेनवर अन्याय झाला तो कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. १९३६ मध्ये जुन्या खेळाडूंसाठी वेगळे मतदान झाले, पण आवश्यक ७५ टक्के मते एकालाही मिळाली नाहीत. मत देणाऱ्यांपैकी कित्येकांनी १८९० च्या दशकातला खेळ पाहिलेलाच नसणार. ज्यांनी पाहिला ते हळूहळू निघून गेले. डीकन व्हाइट नावाचा एक अतिवृद्ध खेळाडू तर उद्घाटनानंतर महिन्याभरातच, जुलै १९३९ मध्ये, ९१ व्या वर्षी वारला. १८७१ साली पहिल्या व्यावसायिक लीगच्या पहिल्या सामन्यात पहिला फलंदाज तोच होता. त्याला मान मिळाला २०१३ साली. डाहलेन स्वतः ५ डिसेंबर १९५० रोजी ब्रुकलिन येथे वारला, वय ८०.

पुढे संशोधक मंडळी जुन्या वृत्तपत्रांतील धावफलक खणून काढू लागली, तेव्हा चित्र पालटले. संगणकाने आता असा एक हिशेब मांडतात की अमुक खेळाडूऐवजी एखादा सामान्य बदली खेळाडू घेतला असता तर संघाचे किती विजय कमी झाले असते. डाहलेनच्या बाबतीत हा आकडा पंचाहत्तरच्या आसपास येतो, आणि कीर्तिमंदिरातील कित्येक शॉर्टस्टॉप त्याच्या खाली राहतात. अशाच हिशेबांच्या उजेडात जॉर्ज डेव्हिस हा त्याच वर्षी, त्याच मोहॉक नदीच्या मुखाशी कोहोज येथे जन्मलेला दुसरा शॉर्टस्टॉप १९९८ साली निवडला गेला. डेव्हिस १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मनोरुग्णालयात, जगाने विसरलेल्या अवस्थेत वारला होता. दोघांची कामगिरी शेजारी ठेवली तर उन्नीस-बीसचा फरक.

डिसेंबर २०१२ मध्ये डाहलेनची वेळ आली असे वाटले. निवड समितीत १६ सदस्य, निवडीस १२ मते हवीत. डीकन व्हाइटला १४ मिळाली. डाहलेनला मिळाली १०. दोन मते कमी. तीन वर्षांनी पुन्हा नाव आले, तेव्हा ८. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा आले, तेव्हा तीनही किंवा त्याहून कमीच. त्या वर्षी निवडले गेले त्यांत बड फाउलर होता. हा कृष्णवर्णीय खेळाडू १८७८ पासून पैसे घेऊन खेळणारा. वर्णभेदापायी ज्याला गावोगाव संघ शोधीत हिंडावे लागले, तो. फाउलर वाढला खुद्द कूपर्सटाउनला आणि जन्मला फोर्ट प्लेन या गावी. नकाशा उघडून पाहा: मोहॉक नदीच्या एका काठी फोर्ट प्लेन, समोरच्या काठी नेलिस्टन. फाउलरवरील अन्याय डाहलेनपेक्षा किती तरी मोठा होता आणि त्याला अग्रक्रम मिळाला हे योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पण रांगेत पुढच्याला न्याय मिळाला म्हणून मागच्याची तक्रार खोटी ठरत नाही.

दोन मते! त्या आकड्याने मी अस्वस्थ झालो याला एक घरचे कारण आहे, आणि ते या सदरात सांगावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या अमृतमहोत्सवात दहा आदर्श शिक्षकांची नावे संगमरवरावर कोरायची होती. निवड समितीत मी होतो. दहाव्या जागेसाठी दोन नावे उरली. एक होते नाट्यवाचन आणि वक्तृत्वासाठी नावाजलेल्या सरांचे. त्यांच्यावर विद्यार्थ्यांनी लेख लिहिले होते, कविताही केली होती. दुसरे नाव तेहतीस वर्षे केवळ 'ड' तुकडीला अंकगणित शिकवणाऱ्या गुरुजींचे. त्यांच्या तुकडीतून कोणी गुणवत्ता यादीत आला नाही. मात्र नापास होऊन शाळा सोडणारेही फारसे नसत. मते समसमान पडली आणि शेवटचे मत माझे होते. मी वक्तृत्वाला दिले. समारंभाला गुरुजींचे चिरंजीव आले होते. त्यांनी सर्वांचे अभिनंदन केले, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि पहिल्या रांगेत जागा असताना मागे जाऊन बसले.

त्या वेळी माझ्यापुढे आकडे नव्हते असे मी म्हणू शकत नाही. पटावरची हजेरी, उत्तीर्णांची टक्केवारी, सारे कपाटात होते. मी कपाट उघडले नाही.

म्हणून डाहलेनच्या बाबतीत माझा कौल विचाराल तर तो अनुकूल आहे. 'हॉल ऑफ फेम' या नावात कीर्ती हा शब्द आहे हे मान्य. पण कीर्ती हीच जर कसोटी असेल तर समिती कशाला हवी? जो आधीच सर्वांना ठाऊक आहे त्याला शोधायला सोळा माणसे लागत नाहीत. त्याला काही विशेष तेज नव्हते, तो पहिल्या पाचांत बसणारा नव्हे, वॅग्नरशी त्याची तुलना करणारा त्याचा शत्रूच म्हणावा. पण वीस वर्षे मैदानातील सर्वांत कष्टाच्या जागी उभा राहून त्याने जे केले, ते त्या भिंतीवरील कित्येकांपेक्षा कमी नाही. आणि स्वभाव वाईट होता, तर तेही पाटीवर लिहावे; जागा आहे.

आता मार्ग पूर्वीपेक्षा अरुंद झाला आहे. २०२२ मध्ये नियम बदलले आणि १९८० पूर्वीच्या सर्व खेळाडूंची एकच रांग झाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या रांगेतून डिक ॲलन आणि डेव्ह पार्कर निवडले गेले. त्या वेळच्या यादीत डाहलेनचे नावही नव्हते. पुढची बैठक डिसेंबर २०२७ मध्ये. ज्यांचे खेळ पाहिलेले लोक हयात आहेत, ज्यांची चित्रफीत आहे, अशांच्या शेजारी त्याला उभे राहावे लागेल.

परतताना भाच्याने वाट वाकडी करून आम्हांला नेलिस्टनला नेले. मोहॉक नदीवरील पूल ओलांडून आम्ही फोर्ट प्लेनला जाऊन आलो. मुलगा मागच्या आसनावर वहीत काही लिहीत होता. शाळेत त्याला 'माझ्या राज्याजवळचा एक विस्मृत माणूस' अशा काहीशा विषयावर निबंध द्यायचा आहे. गेल्या आठवड्यात त्याचा दूरध्वनी आला. "आजोबा, त्याच्या चुका लिहू का? एक हजारापेक्षा जास्त आहेत. वाचणाऱ्याचे मत वाईट होईल."

मी म्हटले, "लिही. आणि शेजारीच एकूण चेंडूंचा आकडाही लिही."